गॉर्डन रॅमसे: आरडाओरडा वजा केला तर हाती काय उरतं?

मंद आच

रॅमसे या ब्रिटिश शेफबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक, माणूस तोंडाळ आहे पण खरं बोलतो. दोन, कामाच्या जागी दुसरं कुणी असं वागलं तर नोकरी जाईल, आणि टीव्हीवाल्यांनी या तोंडाळपणाचाच धंदा मांडलाय. गंमत म्हणजे ही दोन्ही मतं एकाच माणसाकडून एकाच संध्याकाळी ऐकायला मिळतात: 'हेल्स किचन' (नोकरीसाठी शेफांची स्पर्धा) चालू असताना दुसरं, 'मास्टरशेफ ज्युनिअर' (लहान मुलांची स्पर्धा) लागलं की पहिलं.

त्याच्या स्वभावाची चर्चा नको, ती कुठेही मिळते. प्रश्न असा आहे की तो ज्यांवर भडकतो (कच्चे स्कॅलप म्हणजे शिंपल्यातलं मांस, गोळा झालेला रिझोटो म्हणजे मऊसर इटालियन भात, तारीख न लिहिलेले डबे, पाच पानी मेन्यू) त्या गोष्टी खरंच इतक्या गंभीर असतात, की कॅमेऱ्यासाठी ताणल्या जातात? आणि गंभीर असतील तर ओरडून सुधारतात का? जाणकारांनी सविस्तर लिहावं. 'आवडतो / आवडत नाही' एवढंच लिहायचं असेल तरी चालेल, पण कारणासकट.

तिरकस

आरडाओरडा वजा केला तर शिव्या झाकणारी 'बीप' उरते. अमेरिकन आवृत्तीत तर संवाद कमी आणि तीच जास्त.

झारा

आधी 'पास' काय असतो ते सांगते, म्हणजे पुढचं भांडण नीट होईल.

स्वयंपाकघर आणि वाढपी यांच्यामधला ओटा म्हणजे पास. वर ताटं गरम ठेवणारे दिवे असतात. तिथे उभा असलेला माणूस तिकीट (ऑर्डरची चिठ्ठी) वाचतो, मासे, मांस, गार्निश अशा प्रत्येक सेक्शनला हाक देतो, आलेलं ताट तपासतो, चाखतो, कडा पुसतो आणि बाहेर सोडतो. 'हेल्स किचन'मध्ये रॅमसे हेच काम करतो. तो स्वतः क्वचितच रांधताना दिसतो, ते यामुळे.

समजा चार जणांच्या टेबलावर एक बीफ वेलिंग्टन (पेस्ट्रीत गुंडाळून भाजलेलं गोमांस), एक लॅम्ब, एक मासा आणि एक रिझोटो आहे. चारही ताटं मिनिटाभराच्या अंतराने पासवर यायला हवीत. वेलिंग्टन भट्टीत साधारण २५ मिनिटं, बाहेर काढून आणखी १० मिनिटं स्वस्थ. मासा जेमतेम ४-५ मिनिटं. म्हणून मासेवाला मांसवाल्याला विचारून मगच तवा चढवतो. आता मासा मधोमध कच्चा निघाला तर दुसरा होईपर्यंत रिझोटो घट्ट होणार, लॅम्ब निवणार, सॉसवर साय धरणार. वेलिंग्टन कापल्यावर कच्चं निघालं तर मग बघायलाच नको. परत भट्टीत घालाल तर पेस्ट्री करपते आणि कापलेली बाजू करडी पडते. नवीन लावायचं तर पस्तीस मिनिटं! चूक एका ताटाची असते आणि भुर्दंड चार ताटांना. एका माशावर तो इतका का उसळतो, याचं उत्तर हे आहे.

आवाजाचं म्हणाल तर धुराडी, भांडी धुण्याचं यंत्र, तव्यांचा खणखणाट यांत साध्या आवाजातली हाक पोचतच नाही. 'मागे आहे', 'गरम आहे', 'किती मिनिटं?' हे सगळं मोठ्यानेच म्हणायचं असतं. उत्तर न देणं हा तिथला मोठा गुन्हा, कारण समोरच्याने ऐकलं की नाही हेच कळत नाही. 'येस शेफ' ही हुजरेगिरी नाही. ती पोच आहे.

अर्थात मोठ्याने बोलायचं यात 'गाढव' म्हणायचं येत नाही.

वाचनमात्र

+१. 'येस शेफ' म्हणजे पोच, हे आवडलं.

शेवटचा घास

झाराताई, पासचं गणित पटलं. पण त्यातून शिव्यांचं समर्थन निघत नाही, उलटंच निघतं. स्कॅलपच घ्या.

स्कॅलप बाजारात दोन तऱ्हेचे येतात, कोरडे आणि फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेले. भिजवलेले तव्यावर पडताच पाणी सोडतात, तवा थंडावतो आणि ते भाजले जाण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकडतात. म्हणून कोरडे घ्यायचे, तरीही कागदाने टिपायचे, मीठ ऐन वेळी लावायचं आणि तेलातून धूर निघू लागेपर्यंत तवा तापवायचा. घड्याळात १२ जिथे असतात तिथे पहिला ठेवायचा आणि घड्याळाच्या दिशेने पुढचे. उलटताना त्याच क्रमाने उलटायचे, म्हणजे प्रत्येकाला सारखा वेळ मिळतो. ही युक्ती रॅमसे स्वतःच शिकवतो. एका बाजूला दीड ते दोन मिनिटं, तोवर हात लावायचा नाही. उलटल्यावर मिनिटभर, थोडं लोणी, की उतरवा.

आता पाठीमागे कुणीतरी किंचाळतंय अशी कल्पना करा. स्वयंपाकी तवा तापायच्या आत स्कॅलप टाकतो. सहाच्या जागी दहा कोंबतो. दर वीस सेकंदांनी उचलून बघतो, त्यामुळे खालचं खरपूस कवच धरतच नाही. आणि रबरासारखे झाले तर पुन्हा शिव्या पडतील या धास्तीने लवकर उतरवतो. पासवर काय पोचलं? पांढरेफटक, कच्चे स्कॅलप. ज्या चुकांवर तो ओरडतो नेमक्या त्याच चुका त्याच्या ओरडण्याने होतात.

तिरकस

थोडक्यात, कच्चे स्कॅलप हा त्या कार्यक्रमाचा कच्चा माल आहे.

खलबत्ता

हा माणूस ज्या घराण्यात शिकला ते घराणंही बघा. लंडनला 'हार्वीज'मध्ये मार्को पिएर व्हाइटच्या हाताखाली, मग 'ल गाव्रोश'मध्ये आल्बेर रू, पुढे पॅरिसला गी साव्वा आणि जोएल रोबुशों. व्हाइटने त्याला रडवल्याचा किस्सा दोघांनीही चघळून झालाय. रोबुशोंनी त्याच्या दिशेने ताट भिरकावल्याचाही किस्सा प्रसिद्ध आहे. १९९३ मध्ये तो 'ऑबर्जीन'चा मुख्य शेफ झाला, तिथे दोन मिशेलिन तारे (रेस्टॉरंटांचा मानाचा दर्जा, जास्तीत जास्त तीन). १९९८ मध्ये चेल्सीतल्या रॉयल हॉस्पिटल रोडवर स्वतःचं रेस्टॉरंट, २००१ मध्ये तीन तारे, ते आजतागायत टिकून.

त्या रेस्टॉरंटच्या सुरुवातीच्या दिवसांवर १९९९ मध्ये चॅनल फोरने माहितीपट दाखवला. त्यात तो अक्षरशः पेटलेला असतो, आणि तेव्हा त्याला टीव्हीवर कुणी ओळखतही नव्हतं. त्यामुळे 'हे सगळं नाटक' म्हणणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. राग मुळातला आहे. पुढे त्याचा मुखवटा बनवून विकला, हा नंतरचा भाग.

शेवटचा घास

खलबत्ता, 'मला मारलं म्हणून मी मारतो' याला घराणं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

खलबत्ता

मी समर्थन केलं नाही, उगम सांगितला. प्रतिसाद पुन्हा वाचा.

दुधावरची साय

इथे सगळे 'हेल्स किचन' धरून बोलताहेत, पण खरा फरक बघायचा तर 'किचन नाइटमेअर्स'च्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवा. ब्रिटिश आवृत्ती २००४ ची, चॅनल फोरवर. निवेदन रॅमसेचं स्वतःचं. बंद पडायला आलेल्या रेस्टॉरंटात आठवडाभर राहतो, बाजारात जातो, शेफच्या शेजारी उभा राहून एखादा पदार्थ करून दाखवतो. शिव्या तिथेही भरपूर, पण बऱ्याचदा मित्राने द्याव्यात तशा. पुढे परत जाऊन काय झालं तेही बघतो, आणि कधी कधी दाराला कुलूप असतं.

अमेरिकन आवृत्ती फॉक्स वाहिनीची, २००७ ते २०१४, आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू. प्रत्येक वाक्यानंतर धाडकन संगीत, जाहिरातीआधी कुणीतरी रडणार, शेवटी रंगरंगोटी आणि मिठी. माणूस तोच, निदानही तेच, फक्त कात्री वेगळी. राग किती दाखवायचा हे संकलनाच्या टेबलावर ठरतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा नसेल.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. 'नाइटमेअर्स'मध्ये तो मुख्यतः मालकावर ओरडतो. वाढपी आणि भांडी घासणाऱ्यांशी बोलताना त्याचा आवाज खाली येतो, आणि खरी माहितीही त्याला तिथूनच मिळते. 'हेल्स किचन'मध्ये मात्र समोर नोकरीसाठी आलेले उमेदवार असतात. वरच्यावर ओरडणं आणि हाताखालच्यावर ओरडणं यांची एकाच तराजूत मापं काढू नयेत.

मंद आच

साय, हा मुद्दा नेमका आहे. २०१३ चा ॲरिझोनातल्या बेकरीचा भाग आठवतोय का? मालक नवरा-बायको एकही चूक मानेनात, नोकरांची टीप स्वतः ठेवत होते, आणि तो चक्क काम अर्धवट सोडून निघून गेला. तिथे तो सगळ्यांत शांत होता.

उपाशी उंदीर

मला फक्त ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना पाव धरून 'तू कोण आहेस?' विचारतो ते माहितेय. तो 'हेल्स किचन'चा कितवा सीझन?

दुधावरची साय

कुठलाच नाही. तो जेम्स कॉर्डनच्या कार्यक्रमातला २०१५ चा विनोदी प्रवेश आहे, 'हेल्स किचन'चीच नक्कल. समोरची बाई ज्यूली चेन, टीव्हीवरची निवेदिका. रॅमसे स्वतःचीच टिंगल करतोय आणि निम्मं जग ते खरं समजून त्याच्यावर चिडलंय.

तिरकस

म्हणजे पावाच्या मधे आपणच होतो तर.

झारा

मूळ प्रश्नातल्या फ्रिजबद्दल लिहिते, कारण तिथला राग मला शंभर टक्के खरा वाटतो.

तो वॉक-इन फ्रिजमध्ये शिरला की आधी खाली बघतो. कच्चं चिकन सगळ्यांत खालच्या फळीवर हवं, शिजवलेलं आणि तसंच खायचं ते वर. उलटं असेल तर चिकनचं पाणी सॅलडवर ठिबकतं आणि ते सॅलड कुणी शिजवणार नसतं. मग तारखा. अमेरिकेच्या आदर्श अन्न नियमावलीप्रमाणे ५ अंश सेल्सियस किंवा त्याखाली ठेवलेलं तयार अन्न जास्तीत जास्त ७ दिवस, आणि बनवलेला दिवस हा पहिला दिवस. चिठ्ठीच नसेल तर सात कसे मोजणार? वास घेऊन? लिस्टेरिया हा जीवाणू ५ अंशालाही हळूहळू वाढतो आणि त्याला वास येत नाही.

त्याहून मोठी भानगड गार करण्याची. शिजवलेलं अन्न ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत, आणि २१ वरून ५ वर पुढच्या चार तासांत यायला हवं. सुपाचं वीस लिटरचं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर कडेचं गार होतं आणि मधलं रात्रभर कोमट राहतं. शिवाय त्या उष्णतेने आजूबाजूचं दूध आणि मासेही तापतात. उपाय साधा आहे: पसरट ट्रेमध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त थर न देता ओतायचं, किंवा पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळायचं, आणि गार होईपर्यंत झाकण घट्ट लावायचं नाही. दहा मिनिटांचं काम आहे. जिथे ते होत नाही तिथे गिऱ्हाईक आजारी पडायचं एवढंच बाकी असतं. तिथे आवाज चढला तर मला चालेल.

शेवटचा घास

यावर दुमत नाही. पण 'आवाज चढला' आणि 'डबा भिंतीवर आपटला' यांत फरक आहे, एवढं नोंदवून गप्प बसतो.

जमाखर्च

मेन्यूवर लिहितो. 'पाच पानी मेन्यू बघून तो उगाच चिडतो, गिऱ्हाइकाला निवड नको का?' असं बरेच जण म्हणतात. हिशोब बघा.

एक ताट २० डॉलरला विकलं आणि त्यात ६ डॉलरचा माल गेला तर मालाचा खर्च ३० टक्के. साधारण २८ ते ३५ च्या आत तो ठेवायचा असतो. त्यात पगार मिळवले की माल अधिक पगार ६० ते ६५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. उरलेल्यात भाडं, वीज, विमा, दुरुस्ती, कर्जाचा हप्ता, आणि नशीब असेल तर नफा. आता मेन्यूवर ७० पदार्थ असले आणि रात्री ४० गिऱ्हाइकं आली, तर निम्म्या पदार्थांना कुणी हात लावत नाही. पण त्यांचा माल आणावाच लागतो. तो एक तर फेकायचा (३० चे ३८ टक्के झाले), नाहीतर गोठवायचा. गोठवलेलं ऐन वेळी वितळवायला मायक्रोवेव्ह, आणि मायक्रोवेव्हमधून निघालेला मासा रॅमसेच्या ताटात. त्याला दिसतो तो पिचपिचीत मासा. मुळाशी असतो मेन्यू.

म्हणून तो जाईल तिथे मेन्यू डझन-दीड डझनावर आणतो, आणि एकच माल दोन-तीन पदार्थांत फिरेल असं बघतो. भाजलेल्या कोंबडीचे सांगाडे स्टॉकमध्ये (उकळून काढलेल्या रसात), स्टॉक सुपात. यात काही जादू नाही, पण लाखमोलाचा सल्ला आहे.

आणि 'त्याने वाचवलेली रेस्टॉरंटं शेवटी बंदच पडली' म्हणून हसणाऱ्यांसाठी: त्यातली बरीच त्याच्या येण्याआधीच कर्जात बुडालेली होती. नव्या मेन्यूने रोजचा तोटा थांबतो, मागचं कर्ज फिटत नाही. दोन-चार आठवड्यांत जुने पदार्थ परत आले की तोही फायदा गेला.

खलबत्ता

जमाखर्च, एकदम बरोबर. यात एक भर: तो सगळं खोटं रचतो असा आरोप लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'ने केला होता, ब्रिटिश मालिकेतल्या एका भागावरून. तो कोर्टात गेला आणि २००६ मध्ये वृत्तपत्राला माफी मागून ७५ हजार पौंड द्यावे लागले.

उपाशी उंदीर

७५ हजार पौंडांत किती स्कॅलप येतात?

तिरकस

कच्चे की भाजलेले?

संथ वाहते

नमस्कार, उशिरा आले. तुम्ही सगळे त्याच्या डोळ्यांनी दुसऱ्यांच्या चुका मोजताय, जरा त्याच्याही मोजूया.

त्याचा तो विस्तवावर केलेला चीज सँडविचचा व्हिडिओ. पावाचे जाड काप, त्यात रोमानो आणि असियागोसारखं कडक चीज, तेही जाड, वर किमची. बाहेरून पाव काळपट, आतलं चीज ढिम्म हललेलं नाही! कारणं सरळ आहेत. मुरलेल्या कडक चीजमध्ये पाणी कमी असतं, ते पातळ वाहत नाही, तेल सोडतं. जाड पावातून उष्णता आत जायला वेळ लागतो आणि खालची आच प्रखर, म्हणून बाहेरचं आधी जळतं. किसलेलं, लवकर वितळणारं चीज, मंद आच (धागाकर्त्यांना नमस्कार) आणि दोन मिनिटं झाकण, की झालं असतं. एखाद्या स्पर्धकाने हेच पासवर आणलं असतं तर?

दुसरं, २००९ च्या बातम्या. लंडनमधल्या त्याच्या पब्जना मध्यवर्ती स्वयंपाकघरातून तयार पदार्थ पिशव्यांतून जात होते आणि तिथे नुसते गरम करून वाढले जात होते. लोकांच्या गोठवलेल्या लझानियावर थयथयाट करणाऱ्या माणसाच्या पबमध्ये!

झारा

सँडविचचं काहीच समर्थन नाही, हात जोडले. पिशव्यांचं मात्र जरा थांबा. मंद शिजवलेलं मांस, ब्रेझ (थोड्या रसात झाकून शिजवलेलं), सॉस हे एके ठिकाणी करून, झटकन गार करून, हवाबंद पिशवीत पाठवणं वाईट नाही. ब्रेझ तर दुसऱ्या दिवशी जास्तच चांगलं लागतं. हे मासे, पास्ता किंवा हिरव्या भाज्यांना चालत नाही. आक्षेप घ्यायचा तर दामदुप्पट किंमत लावून ते गिऱ्हाइकाला न सांगण्यावर घ्या.

संथ वाहते

तोच घेतेय. स्वतः दुसऱ्याच्या फ्रिजरमध्ये डोकं घालून 'गिऱ्हाइकाला फसवताय' म्हणतो ना?

झारा

मग मान्य.

दुधावरची साय

त्याच्या बाजूने एक: 'द एफ वर्ड'मध्ये त्याने केलेलं पॅड थाई चाखून थाई शेफ चँगने तोंडावर सांगितलं की हे पॅड थाई नव्हेच. आंबट, गोड, खारट यांचा मेळ हवा, तो यात नाही. रॅमसे गप्प. स्वतःच्या कार्यक्रमात हा प्रसंग कापून टाकणं सहज शक्य होतं, पण त्याने तो ठेवला. टीका गिळता येत नाही असा माणूस हे करणार नाही.

शेवटचा घास

तो प्रसंग लोकप्रिय होणार हे त्याला कळत होतं, एवढाच अर्थ मी काढेन. पण असो.

उपाशी उंदीर

अवांतर: ती त्याची ढवळून केलेली अंडी (स्क्रॅम्बल्ड एग्ज) खरंच तशी होतात का? गॅसवर ठेव, काढ, ठेव, काढ?

झारा

होतात. सहा अंडी न फेटता थेट थंड पॅनमध्ये, थंड लोण्याचे तुकडे घालून. मग आचेवर ठेवून सतत ढवळायचं, अर्धा मिनिट आचेवर, दहा सेकंद बाहेर, असं तीनेक मिनिटं. अंड्याचा पांढरा भाग ६२-६३ अंशांना धरायला लागतो आणि पिवळा ६५ च्या पुढे. सत्तरीच्या बरंच वर गेलं की प्रथिनं आवळून पाणी पिळून काढतात. आचेवरून काढणं म्हणजे तो आकडा ओलांडू न देणं. अजून थोडं सैल असतानाच उतरवायचं, कारण पॅनच्या उष्णतेने ते पुढे शिजतंच, आणि चमचाभर क्रेम फ्रेश (आंबूस घट्ट साय) घालून शिजणं थांबवायचं. क्रेम फ्रेश नसेल तर थंड लोण्याचा तुकडा चालतो.

एकच गोष्ट पटत नाही. मीठ आधी घातलं तर अंडी पाणी सोडतात असं तो म्हणतो. प्रत्यक्षात फेटलेल्या अंड्यात पंधरा मिनिटं आधी मीठ घातलं तर ती जास्त मऊ राहतात, कारण मिठामुळे प्रथिनं एकमेकांना तितकी घट्ट धरत नाहीत.

खलबत्ता

धागा अंड्यावर घसरला. आता तासाभरात मिठावरून मारामारी.

जमाखर्च

मारामारी नको, पण मीठ शेवटीच.

संथ वाहते

मीठ आधीच. झाराला अनुमोदन.

तिरकस

रॅमसे असता तर दोघांनाही बाहेर काढलं असतं. बीप.

मंद आच

परत मूळ प्रश्नावर येऊया का? रिझोटो राहिलाच. तो दर सीझनला का बिघडतो?

शेवटचा घास

कारण रेस्टॉरंटात तो शून्यापासून करतच नाहीत. पूर्ण रिझोटोला १६ ते १८ मिनिटं लागतात, सुरुवातीच्या पदार्थासाठी तेवढा वेळ नसतो. म्हणून दुपारीच तांदूळ दहा-बारा मिनिटं शिजवून ट्रेवर पातळ पसरून गार करतात. ऑर्डर आली की गरम स्टॉक घालून चार-पाच मिनिटांत पुरा करायचा, आचेवरून उतरवून थंड लोणी आणि पार्मेजान घोटायचं. ताट तिरकं केलं की रिझोटो सरकला पाहिजे. ट्रेवर जाड थर दिला तर मधला तांदूळ स्वतःच्या वाफेत शिजत राहतो आणि रात्री त्याची खीर होते. थंड स्टॉक घातला तर शिजणं अडखळतं. आणि वेळेत होऊनही पासवर तीन मिनिटं थांबला तर स्टार्च आळून गोळा! म्हणजे दोष बहुतेक वेळा माशाच्या सेक्शनचा असतो आणि शिव्या रिझोटोवाल्याला.

अळणी का? चीज खारट म्हणून स्वयंपाकी मीठ हात राखून घालतो, स्टॉक बिनमिठाचा असतो, आणि घाईत कुणी चाखत नाही. रॅमसेचं 'चाखलंस का?' हे सगळ्यांत उपयोगी वाक्य आहे, तिथे मी त्याच्या बाजूचा.

खलबत्ता

शेवटचा घास रॅमसेच्या बाजूचा. धाग्याची तारीख लिहून ठेवा, सात दिवस चालेल.

दुधावरची साय

ओरडून सुधारतात का, याचं उत्तर माणसांत शोधा. १९९८ मध्ये त्याने 'ऑबर्जीन' सोडलं तेव्हा स्वयंपाकघरातले लोक त्याच्याबरोबर बाहेर पडले. अँजेला हार्टनेट त्याच्याकडे तयार झाली. क्लेअर स्मिथने २००७ पासून त्याचं तीन ताऱ्यांचं स्वयंपाकघर चालवलं, मग स्वतःचं 'कोर' काढलं आणि २०२१ मध्ये तिथेही तीन तारे आणले. 'हेल्स किचन'चा दहावा सीझन जिंकलेली क्रिस्टिना विल्सन त्याच्याच कंपनीत वरच्या जागी गेली. नुसता ओरडणारा माणूस अशी माणसं टिकवू शकत नाही.

शेवटचा घास

टिकले त्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत. जे सहा महिन्यांत ॲप्रन टाकून गेले त्यांची नावं कुणाला माहीत असणार? आणि मार्कस वेअरिंगचं काय? वर्षानुवर्षांचा सहकारी, 'पेट्रुस' रेस्टॉरंटवरून दोघांचं जाहीर भांडण झालं.

दुधावरची साय

वेअरिंगचं भांडण धंद्याचं होतं, शिव्यांचं नव्हे. पण गेलेल्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, हे खरं.

झारा

मंद आच, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच कार्यक्रमात आहे, नीट बघितलं तर.

कच्चा सॅमन आला की तो काय करतो? सगळ्यांना पासवर बोलावतो आणि त्या माशाला बोट लावायला सांगतो. 'लाव हात. सगळ्यांनी.' हे उत्तम शिक्षण आहे. मधोमध थंड आणि लिबलिबीत म्हणजे काय ते बोटाला एकदा कळलं की विसरत नाही. नंतर विचारतो 'किती मिनिटं?', म्हणजे बाकीचे सेक्शन आपापले तवे त्या हिशोबाने मागेपुढे करतात. चूक काय, कशी ओळखायची, पुढचं ताट कधी: तीन कामाच्या गोष्टी वीस सेकंदांत. त्यानंतर जे सुरू होतं, ताट आपटणं, आईबापांपर्यंत जाणं, 'निघ इथून', ते फॉक्सचं. त्या वेळात एक स्वयंपाकी कमी होतो आणि त्याच्या सेक्शनची तिकिटं शेजारच्यावर पडतात. म्हणजे पुढची दोन टेबलंही गेली.

'मास्टरशेफ ज्युनिअर'मध्ये हाच माणूस वाकून मुलाच्या उंचीवर येतो, 'आच कमी कर, श्वास घे, सॉस गाळून घे, अजून चार मिनिटं आहेत' असं सांगतो, आणि दहा वर्षांचं पोर ताट वेळेत देतं. तिथे पहिल्या वीस सेकंदांतलं सगळं आहे, पुढचं नाही.

शेवटचा घास

हे मी सुरुवातीपासून सांगतोय, पण तुम्ही नीट लिहिलंत.

वाचनमात्र

+१

संथ वाहते

त्या पुढच्या भागाला बाहेरही प्रेक्षक होतेच. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याच्या 'नाइटमेअर्स'मधल्या शिव्यांवरून थेट सिनेटने टीव्हीवरच्या भाषेची चौकशी केली. कुठल्या शेफच्या नशिबी हे येतं?

तिरकस

चौकशी अहवालातही बीप होती का?

उपाशी उंदीर

एवढं वाचून भूक लागली. कुणी वेलिंग्टनबद्दल सांगेल का, खालची पेस्ट्री ओली राहते ती का? तो दर वेळी त्यावरून खवळतो.

झारा

पाणी तीन ठिकाणांहून येतं. मशरूम बारीक करून बिनतेलाच्या पॅनमध्ये पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायचे, पॅनचा तळ कोरडा दिसला पाहिजे. पंधरा मिनिटं लागली तरी लागू द्या. मांस चारी बाजूंनी जोरदार आचेवर झटपट भाजून, गरम असतानाच मोहरी लावून, पूर्ण गार करायचं. कोमट मांसावर पेस्ट्री गुंडाळली तर तिच्यातलं लोणी भट्टीत जायच्या आधीच वितळतं. मशरूम आणि मांस पार्मा हॅममध्ये (खारवलेल्या डुकराच्या मांसाचे पातळ काप) घट्ट गुंडाळून प्लॅस्टिकमध्ये पिळून अर्धा तास फ्रिजमध्ये, मग पेस्ट्री, वर अंड्याचा बलक, पुन्हा फ्रिज. भट्टी २०० अंश, आणि ट्रे आधीच आत तापत ठेवलेला. थंड ट्रेवर ठेवलं तर तळ हमखास ओला. साधारण किलोभर तुकडा असेल तर २५ मिनिटांपासून थर्मामीटर लावायला लागा, मधोमध ४८ ते ५० ला बाहेर काढा, दहा मिनिटं जाळीवर. पाटावर ठेवू नका, खाली वाफ कोंडते.

जमाखर्च

आणि कापायला दातेरी सुरी.

उपाशी उंदीर

येस शेफ.